पीडब्ल्यूएम १२८ म्हणजे वेग नव्हे

प्रयोगासाठी स्टिरर घरीच बनवायचा म्हटलं, की आपण एक अर्डुइनो उनो आणि १२ व्होल्टची डीसी मोटर घेऊन बसतो. मोटर फिरवणं सोपं आहे. ती किती वेगाने फिरतेय हे खात्रीने सांगणं अवघड, आणि संशोधनात तेच लागतं.

आधी जोडणी बघू. मोटर थेट पिनला जोडू नका. उनोच्या एका पिनमधून २० मिलिअँपिअरपर्यंतच प्रवाह घ्यावा. मोटरला सुरू होताना त्याच्या कितीतरी पट लागतो. म्हणून मध्ये मॉसफेट किंवा ड्रायव्हर हवा. मॉसफेट असेल तर मोटरच्या दोन टोकांना उलटा डायोड लावाच. प्रवाह तुटताना कॉइलमध्ये मोठं व्होल्टेज तयार होतं, ते डायोड नसेल तर मॉसफेटवर येतं. मोटरचा वीजपुरवठा वेगळा ठेवा, पण ग्राउंड एकत्र जोडा.

आता वेग. उनो व्होल्टेज कमी-जास्त करत नाही, तो बहुतेक पीडब्ल्यूएम पिनांवर सेकंदाला साधारण ४९० वेळा चालू-बंद करतो. ० ते २५५ मधला आकडा म्हणजे त्यात 'चालू'चा वाटा किती. १२८ दिलं, तर सुमारे निम्मा वेळ चालू.

पण यावरून वेग निम्मा झाला असं समजू नका. फिरणारी मोटर स्वतःच वेगाच्या प्रमाणात उलट व्होल्टेज तयार करते. आपण दिलेलं व्होल्टेज म्हणजे हे उलट व्होल्टेज अधिक प्रवाह गुणिले कॉइलचा रोध. लोड वाढला की प्रवाह वाढतो, रोधातच जास्त व्होल्टेज खर्च होतं आणि वेग उतरतो.

समजा, तुम्ही सोल-जेलचं द्रावण ढवळताय. ते घट्ट होत जातं, लोड वाढतो. कोडमध्ये १२८ तसंच आहे, पण स्टिरर मंदावलाय. नोंदवहीत 'वेग स्थिर' लिहिलंत, तर नमुन्यांमधला फरक रसायनाचा की ढवळण्याचा, हे नंतर कोणालाच सांगता येणार नाही.

उपाय एकच: वेग मोजा. शाफ्टवर २० खाचांची चकती लावा, तिच्यावर ऑप्टिकल सेन्सर बसवा आणि त्याचा सिग्नल पिन २ किंवा ३ च्या इंटरप्टला द्या. सेकंदाला १०० पल्स म्हणजे ५ फेरे, म्हणजे ३०० आरपीएम. एका सेकंदाच्या मोजणीत एक पल्स इकडे-तिकडे झाली तर ३ आरपीएमचा फरक पडतो, हेही लिहून ठेवा.

मग हवा असलेला वेग वजा मोजलेला वेग, या फरकावरून कोडला पीडब्ल्यूएम बदलू द्या. फक्त फरकाच्या प्रमाणात बदललंत तर थोडी तूट कायम राहते. साचत गेलेला फरकही धरला की ती भरून निघते. मात्र २५५ वर पोचल्यावर कोडच्या हातात काही उरत नाही.

शेवटी, आरपीएम आणि पीडब्ल्यूएम दोन्ही वेळेनुसार नोंदवा. वीजपुरवठा स्थिर असेल आणि आरपीएम तोच ठेवायला पीडब्ल्यूएम चढत असेल, तर द्रावण घट्ट होत असल्याची खूण तुम्हाला फुकटात मिळालीय.