फळ आईचे, बी दोघांचे

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात टरबूजच म्हणतात, कलिंगड पुण्या-मुंबईकडचे. माझे बियाणे पूर्णेच्या पात्रातल्या एका डांगरवाडीतून आलेले, पट्टेदार सालीचे. परसात चार वेल लावले. हौसेने शेजारी गडद हिरवे ‘शुगर बेबी’ही लावले. जुन्या वेलांची फळे नेहमीसारखीच पट्टेदार निघाली, म्हणून निर्धास्तपणे बी राखले. पुढच्या उन्हाळ्यात त्यातल्या दोन वेलांना गडद हिरवी फळे धरली!

उलगडा उशिरा झाला. साल आणि गर आईवेलाचा असतो; पराग कोणाचा, हे त्या फळात दिसत नाही. ते बियांत दडते आणि बी पेरल्यावरच उघडे पडते. चव पाहून बी राखण्याची आपली रीत इथेच फसते. ‘शुगर बेबी’ संकरित नाही, सरळ वाण आहे. पण मधमाशीला त्याचे काय? (काकडी-खरबुजाशी मात्र टरबुजाचा संकर होत नाही. ती भीती उगीच.)

आता संध्याकाळी उद्या उमलणाऱ्या कळ्या हेरतो. मादी कळीच्या बुडाशी इवलेसे फळ असते, नराला नुसता देठ. दोन्हींची तोंडे दोऱ्याने बांधतो. सकाळी ती सोडून नराचे पराग मादीला लावतो, मादी फूल पुन्हा बांधतो आणि देठावर खुणेचा लाल दोरा. जवळचा तणावा पूर्ण वाळला की फळ उतरवतो. बिया धुऊन सावलीत वाळवतो.

सुदैवाने डब्याच्या तळाशी आधीच्या साली राखलेल्या अकरा बिया सापडल्या होत्या. सात उगवल्या.