गहाण दुकान आणि बँकेचा कबजा

प्राणहिता जेथे गोदावरीस मिळते त्या सिरोंच्यात, दुकान अथवा भातगिरणी गहाण ठेवून भांडवल उभारणाऱ्या व्यापाऱ्यास, हप्ते थकल्यावर बँक दिवाणी न्यायालयाची पायरी न चढताही तारणाचा कबजा घेऊ शकते, याची जाणीव बहुधा दारावर नोटीस डकविली जाते तेव्हाच होते. हा अधिकार २००२ च्या सरफेसी कायद्याने दिला. तो निरंकुश मात्र नाही. खाते अनुत्पादित ठरल्यावर ६० दिवसांची लेखी मागणी, ऋणकोने हरकत घेतल्यास १५ दिवसांत सकारण उत्तर, कबज्याची नोटीस दोन वृत्तपत्रांत व त्यांपैकी एक प्रादेशिक भाषेतील, हा क्रम मोडून घातलेले कुलूप म्हणजे, माझ्या मते, निव्वळ बळजबरी होय.

दाद मागण्याआधी मागणीच्या ७५ टक्के रक्कम भरण्याची मूळ अट सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली ‘मार्डिया केमिकल्स’ खटल्यात घटनाबाह्य ठरविली. ज्याचा व्यवसायच हिरावला, त्याने ती रक्कम आणावी तरी कोठून? आता कलम १७ अन्वये ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो; कारवाई बेकायदा ठरल्यास कबजा परत मिळतो आणि नुकसानभरपाईही मागता येते. परंतु हे न्यायाधिकरण दूर नागपुरास, आणि गावच्या दिवाणी न्यायालयाला या बाबतीत मनाईहुकूम देण्याची मुभा नाही. म्हणून टपालाचा शिक्का असलेला लिफाफा, बँकेची पोच आणि हरकतीची स्थळप्रत व्यापाऱ्याने पहिल्या दिवसापासून जपून ठेवावी. कोणती मुदत पाळली गेली, हे त्यांवरूनच ठरते; अर्जाचे ४५ दिवस मात्र कबज्याच्या कारवाईपासून मोजले जातात.