पाच लाखांचं कवच आणि अकराव्या दिवसाची गोळी

आरोग्याचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं: "आता प्रत्येक कुटुंबाला पाच लाखांचं कवच आहे, दवाखान्याच्या खर्चाचा प्रश्न मिटला." मिटलेला नाही. अंदाजपत्रक ज्यांच्या हातात आहे त्यांनीच हे म्हणावं, याचा मनस्वी राग येतो.

२०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झालेली जीवनदायी योजना आज महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने राज्यभर चालते. दीड लाखांची मर्यादा पाच लाखांवर गेली, प्रत्येक कुटुंब पात्र ठरलं. काम मोठंच आहे. पण योजना वाचा तरी. ती दाखल झालेल्या रुग्णासाठी आहे, ठरावीक उपचारांसाठी आणि तीही अंगीकृत रुग्णालयातच. पेठ तालुक्यातल्या शेतकऱ्याची बायपास नाशिकला फुकट होते. डिस्चार्ज मिळताना दहा दिवसांची औषधं मिळतात. अकराव्या दिवसापासून रक्त पातळ ठेवणारी, कोलेस्टेरॉलची, बीपीची गोळी जन्मभर घ्यायची, ती जन्मभर पुरवणं योजनेत नाही. एसटीचं भाडं, तपासणी फी, लॅबचं बिल, मेडिकलचं बिल आणि त्या दिवसाची बुडालेली मजुरी, बहुतेक त्याच्याच खिशातून जातं. आणि ज्याला नुसती शुगर आहे, दाखल व्हायची वेळच आली नाही, त्याला या कवचाचा उपयोग शून्य.

राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ मध्ये देशाच्या एकूण आरोग्यखर्चातले ३९.४ टक्के लोकांनी स्वतःच्या खिशातून भरले. २०१३-१४ मध्ये हा वाटा ६४.२ टक्के होता. घट झाली हे खरं, पण वाटा कमी झाला म्हणजे मेडिकलचं बिल कमी झालं, असा अर्थ काढू नये.

यावर उत्तर येतं की सरकारी रुग्णालयात सगळं मोफत आहे. हो, १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरही मोफत आहे. पण साठा संपला की हातात चिठ्ठी पडते: "बाहेरून आणा." महाराष्ट्राने औषधखरेदी २०१७ मध्ये हाफकिन या सरकारी महामंडळाकडे दिली, २०२३ मध्ये त्यासाठी वेगळं प्राधिकरण केलं. तमिळनाडूने औषधखरेदीसाठीचं महामंडळ १९९४ मध्येच उभं केलं होतं. खर्च कमी करायचा तर पैसा आणि लक्ष या गोळ्यांच्या पुरवठ्यावर हवं.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

"डॉक्टरांच्या फीमुळे बिल फुगतं." राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने २०१८ मध्ये दिल्ली परिसरातल्या चार खासगी रुग्णालयांची बिलं तपासली. जवळपास ४६ टक्के रक्कम औषधं, साहित्य आणि तपासण्यांची होती, आणि काही वस्तूंवर नफा १,७३७ टक्क्यांपर्यंत.

"सरकारी काय नि खासगी काय, खर्च तेवढाच येतो." २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत दाखल होण्याचा सरासरी खर्च सरकारी रुग्णालयात ४,४५२ रुपये, खासगीत ३१,८४५.

"स्वस्त गोळी कमी असर करते." घटक तोच, मात्रा तीच, जास्तीचे पैसे ब्रँडचे.

"खासगी दर सरकारला बांधता येत नाहीत." कोविडमध्ये बांधले होते! जून २०२१ च्या आदेशात नाशिक 'ब' गटात होतं, साध्या वॉर्डचा दर दिवसाला ३,००० रुपये. शिवाय नर्सिंग होमच्या २०२१ च्या सुधारित नियमांनुसार दरपत्रक दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे. नाशिक महापालिकेने ते किती रुग्णालयांत जाऊन पाहिलं, एवढा एक प्रश्न नगरसेवकांनी पुढच्या महासभेत विचारावा.