अर्पणपत्रिका: पुस्तकाआधीचे पान

अर्पणपत्रिकेत लेखक वाचकाशी बोलत नाही, तिसऱ्याच कुणाशी तरी बोलतो. वाचकाला ते बोलणे केवळ कानावर पडते, आणि या पानाची खरी गोडी त्यातच आहे.

युरोपात ही प्रथा दीर्घकाळ आश्रयदात्यांच्या मर्जीशी बांधलेली होती. जेन ऑस्टिनला प्रिन्स रीजंट मुळीच आवडत नसे. तरीही १८१५ च्या अखेरीस आलेली ‘एमा’ तिला त्यालाच अर्पण करावी लागली. पुढे राजेरजवाडे मागे पडले, आईवडील आणि मित्र आले. क्वचित सूडही उगवला गेला: ई. ई. कमिंग्ज याने १९३५ चा ‘नो थँक्स’ हा संग्रह तो नाकारणाऱ्या १४ प्रकाशकांनाच अर्पण केला, तोही त्यांची नावे अस्थिकलशाच्या आकारात मांडून!

महाराष्ट्रात या पानाने विचारांची वंशावळच जपली आहे. जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ (१८७३) अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी शूद्रांविषयीचा १९४६ चा ग्रंथ फुल्यांना, तर अस्पृश्यांविषयीचा १९४८ चा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा या संतांच्या स्मृतीला वाहिला. पाकिस्तानच्या प्रश्नावरचे त्यांचे पुस्तक तर्ककठोर आणि आकडेवारीने भरलेले. त्याच्या आरंभी मात्र दिवंगत पत्नी रमाबाईंच्या चांगुलपणाची कृतज्ञ आठवण आहे. अण्णा भाऊ साठे यांची ‘फकिरा’ बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केलेली आहे.

काही अर्पणपत्रिका कोडीच राहतात. शेक्सपिअरच्या सुनीतांच्या १६०९ च्या आवृत्तीत केवळ ‘डब्ल्यू. एच.’ ही आद्याक्षरे आहेत. खाली सही आहे ती प्रकाशकाच्या आद्याक्षरांची, आणि तो डब्ल्यू. एच. कोण यावर अभ्यासकांचे अजून एकमत नाही.