बाजारबुणगे कोणास म्हणावें?

पानिपतच्या कथा ज्यांनीं लहानपणीं आजोबांच्या तोंडून ऐकल्या असतील, त्यांच्या कानांत 'बाजारबुणगे' हा शब्द कायमचा बसलेला असतो. लढणारे थोडे, खाणारे फार, म्हणून पानिपतावर घात झाला, असें आम्हींही वर्गांत वर्षानुवर्षें शिकविलें. आतां हातांतला खडू सुटल्यावर त्या शिकवणुकीची आम्हांस लाज वाटूं लागली आहे. तिचें कारण घरचेंच आहे. तें पुढें येईल.

भाऊसाहेबांच्या छावणींत यात्रेकरू आणि बायकामुलें पुष्कळ होतीं, हें खोटें नाहीं. परंतु फौज उपाशी कां पडली? दुआबांतून रसद जमवून धाडणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबर १७६० मध्यें मारले गेले, आणि धान्याची वाट बंद झाली. पुढें महिना लोटतो न लोटतो तोंच, १४ जानेवारी १७६१ रोजीं, उपाशी माणसें आणि उपाशी घोडीं घेऊन मराठ्यांस बाहेर पडावें लागलें. रसदेचा एक कारभारी पडला आणि त्याची जागा भाल्यातलवारींनीं भरून निघाली नाहीं. हा धडा आम्हीं मुलांस कधीं दिला नाहीं.

आमच्या पूर्वजांस हें कळत नव्हतें असें नव्हे. कौटिलीय अर्थशास्त्राचें दहावें अधिकरण उघडून पाहावें. शस्त्रें, यंत्रें, औषधें, तेल आणि पट्ट्या हातीं घेतलेले वैद्य सैन्याच्या मागें उभे असावेत, अन्नपाणी सांभाळणाऱ्या स्त्रिया असाव्यात, असें त्यांत सांगितलें आहे. 'विष्टि' म्हणजे सैन्याचा कामकरी वर्ग. रस्ते, पूल, विहिरी आणि घाट नीट ठेवण्यापासून तों जखमींस रणांतून उचलून नेण्यापर्यंतचीं कामें त्याच्याकडे दिलेलीं आहेत. उद्योगपर्वांतही पांडवांच्या छावणींत वेतन देऊन ठेवलेले शेंकडों कारागीर आणि सर्व साहित्यासह वैद्य असल्याचें वर्णन आहे. त्यांतील वेतनाचा उल्लेख आम्हांस विशेष वाटतो. कारण वेतन आलें कीं कोणीतरी त्याचा हिशेब ठेवणाराही आलाच.

ही विष्टि आज प्रत्यक्ष पाहावयाची असेल तर पुणेंकरांस लांब जावयास नको. मुळेच्या कांठीं खडकी आहे. ५ नोव्हेंबर १८१७ च्या लढाईनंतर पेशवाई गेली, आणि ह्या भागांत इंग्रजांची छावणी वसली. १८६९ सालीं तेथें दारूगोळ्याचा कारखाना निघाला. तो अद्याप चालूं आहे. मात्र २०२१ सालीं आयुध निर्माणी मंडळ मोडल्यावर तो एका सरकारी कंपनीकडे गेला. पूल बांधणाऱ्या आणि सुरुंग काढणाऱ्या बॉम्बे सॅपर्सचें केंद्र तेथेंच. चिलखती वाहनें उघडून पुन्हां जोडणारी मोठी कर्मशाळा तेथेंच, आणि लष्करी रुग्णालयही तेथेंच. बराकींचें छप्पर गळलें किंवा नळ कोरडा पडला तर धांवून येणारें मिलिटरी एंजिनिअर सर्व्हिसेस हें खातें १९२३ पासूनचें. जवानास साबण, चहा आणि बिस्किटें स्वस्त मिळावींत म्हणून जें कँटीन खातें आहे, त्याची मुख्य कचेरी मुंबईस आहे. दुधाचीही एकेकाळीं लष्कराची स्वतःची सोय होती. १८८९ सालीं अलाहाबादेस पहिला लष्करी गोठा निघाला, आणि ही सारी व्यवस्था २०२१ सालीं बंद झाली. बाजारांत दूध मुबलक मिळूं लागल्यावर गोठे कशास, हा विचार योग्यच असेल. तथापि सव्वाशें वर्षांहून अधिक काळ चाललेली धार थांबली हें वाचून आम्हांस थोडें चुकल्यासारखें वाटलें.

टपालाची तऱ्हा तर याहून नवलाची. ज्यांच्या घरचा मुलगा फौजेंत आहे त्यांस '५६ ए. पी. ओ.' हा पत्ता पाठ असतो. ह्या नांवाचें गांव कोठेंच नाहीं. मुलगा लडाखांत आहे कीं राजस्थानांत, हें आईला त्या पत्त्यावरून कळत नाहीं, शत्रूलाही कळत नाहीं. पत्र मात्र बरोबर पोंचतें. हीं पत्रें दिल्लीस एकत्र होऊन पुढें वांटलीं जातात, आणि पूर्वेकडील '९९ ए. पी. ओ.'चीं कलकत्त्यास.

हीं सारीं माणसें मागें सुरक्षित असतात, असा कोणाचा समज असेल तर त्यानें मुरलीकांत पेटकर यांचें चरित्र आठवावें. हे सांगली जिल्ह्यांतले. ई. एम. ई. म्हणजे यंत्रांची दुरुस्ती करणारें दळ. त्यांत ते कारागीर जवान होते. १९६५ च्या युद्धांत त्यांच्या अंगांत गोळ्या शिरल्या आणि शरीर कायमचें अधू झालें. त्याच शरीरानें त्यांनीं १९७२ सालीं जर्मनींत हायडेलबर्ग येथें दिव्यांगांच्या जागतिक क्रीडास्पर्धेंत पन्नास मीटर पोहण्याचें सुवर्णपदक मिळविलें. त्या स्पर्धांतलें भारताचें तें पहिलें सुवर्ण. पद्मश्री मिळावयास मात्र २०१८ साल उजाडलें! पाठीचा कणा दुखावलेल्या जवानांसाठीं खडकीसच १९७४ पासून एक पुनर्वसनकेंद्र चालूं आहे. चाकांच्या खुर्च्यांवर बसून चेंडू खेळणारे ते तरुण एकदां पाहिले म्हणजे बराच वेळ दुसरें कांहीं सुचत नाहीं.

आतां घरची गोष्ट. आमचे वडील खडकीस जवानांच्या पगाराचे हिशेब ठेवणाऱ्या कचेरींत कारकून होते. पुण्याच्या पांढरपेशा घरांत 'मिलिटरी अकौंट्स' हें नांव पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलें आहे. वासुदेव बळवंत फडके हेही लष्कराच्या हिशेबखात्यांतच कारकून होते, हें वाचकांस ठाऊक असेलच. वडिलांच्या कामांत शौर्याचें असें कांहीं नव्हतें. शनवारांतून सायकलवर जाणें, खतावणींत आंकडे भरणें, आणि जवानानें घरीं पाठविण्यासाठीं लावून दिलेली रक्कम दरमहा मनीऑर्डरीनें सुटली कीं नाहीं, हें पाहणें.

१९७१ च्या डिसेंबरांत युद्ध पेटलें तेव्हां ते कित्येक रात्री कचेरींतच राहिले. त्यानंतर थोड्याच महिन्यांनीं आमच्या घरीं मुंज होती. पंगतींत युद्धाच्या गोष्टी रंगल्या असतां आमच्या एका वडीलधाऱ्या आप्तांनीं हंसत हंसत म्हटलें, "तुम्ही काय बुवा, बुणग्यांपैकीं! कागदावरचे शिपाई!" सारी पंगत हंसली. वडीलही हंसले. आम्ही अकरा वर्षांचे होतों. आम्हीही हंसलों, आणि जरा मोठ्यानेंच.

त्याच दिवसांत वडील एका संध्याकाळीं न जेवतां उठले, हें आईनें आम्हांस पुष्कळ वर्षांनीं सांगितलें. साताऱ्याकडील एका जवानाचें खातें त्या दिवशीं त्यांस मिटवावें लागलें होतें. जवान गेला कीं त्याचा पगार थांबतो. कुटुंबाचें निवृत्तिवेतन मंजूर होण्यास कागद अलाहाबादेस जावे लागत. त्या दोहोंच्या मध्यें त्या घरची चूल थंड राहूं नये, एवढीच त्यांची खटपट असे. त्यासाठीं ते वरिष्ठांच्या मेजापाशीं तासन्‌तास उभे राहत, आणि एरवीं कोणाशीं चढ्या आवाजानें न बोलणारे आमचे वडील त्या कागदांपायीं भांडतही असत.

ते वारल्यावर त्यांची लांकडी पेटी आम्हीं उघडली. तींत घरच्या कागदांखालीं एक पोस्टकार्ड निघालें. मोडी वळणाच्या देवनागरींत त्या जवानाच्या म्हाताऱ्या बापानें लिहिलें होतें: पैसे पोंचले, सुनेचे पैसेही सुरू झाले, नातू शाळेंत जातो. कचेरीचें नांव चुकलेलें आहे, आणि वडिलांचें नांव माहीत नसल्यामुळें म्हाताऱ्यानें वर नुसतें 'हिशेबवाले साहेब, खडकी' एवढेंच घातलें आहे. तरी तें त्यांच्याच मेजावर आलें होतें.