सांकेतिक दुवा आणि त्याची चाचणी

तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातील हस्तलिखितांचा संग्रह सरफोजीराजे दुसरे (१७७७–१८३२) यांनी फार वाढविला. त्यात मराठी पोथ्याही पुष्कळ. अशा संग्रहाच्या सूचीत एखाद्या नावापुढे केवळ ‘अमुक नोंद पाहा’ एवढेच असावे, तसा संगणकातील सांकेतिक दुवा होय. त्यात मजकूर नसतो. दुसऱ्या फाइलीचा पत्ता तेवढा असतो.

समजा, पोथ्यांची छायाचित्रे सांभाळणारी एखादी आज्ञावली निरुपयोगी फोल्डर पुसून टाकते. तिने दुवा पुसावा, दुव्यामागील पोथी नव्हे! याची खात्री चाचणीने करावयाची. परंतु युनिक्स व लिनक्सवर सहज निर्माण होणारा दुवा विंडोजवर साध्या वापरकर्त्यास बहुधा करता येत नाही. त्यास प्रशासकाचा अधिकार अथवा ‘डेव्हलपर मोड’ लागतो. शिवाय ‘गिट’ हे साधन तेथे पुष्कळदा दुव्याऐवजी पत्ता लिहिलेली साधी फाइल ठेवते. ती पुसली तरी मूळ सुरक्षितच. म्हणून दुव्याची परीक्षा न होताच चाचणी उत्तीर्ण ठरते. उघड अपयश याहून बरे.

यास्तव चाचणीने तात्पुरत्या फोल्डरात प्रथम स्वतः दुवा करून पाहावा. तो न झाल्यास ‘वगळली’ अशी स्पष्ट नोंद करावी. झाल्यास, पुसण्यानंतर मूळ फाइल शाबूत आहे की नाही, हे उघडून पाहावे.