नोंदवहींतील दिवंगत विश्वस्त

अहिल्यानगर जिल्ह्यांतील (आमच्या तोंडीं अजून नगरच!) एका लहानशा गांवच्या राममंदिराच्या न्यासाचे कागद गेल्या पावसाळ्यांत आमच्या हातीं आले. धर्मादाय कचेरींतील नोंदवहीच्या उताऱ्यावर पांच विश्वस्त. त्यांपैकीं चौघे कैलासवासी! नवे विश्वस्त रीतसर निवडले होते, इतिवृत्तहि सुवाच्य होतें. परंतु १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्याच्या २२ व्या कलमान्वये असा बदल ९० दिवसांच्या आंत कचेरीस कळवावा लागतो, हें कोणाच्याच ध्यानीं नव्हतें. बँकेनें नव्या सह्या नाकारल्या आणि रामनवमीचा खर्च बिचाऱ्या पुजाऱ्यानें पदरचा केला.

घरच्या सातबाऱ्यावर वारसाची नोंद व्हावी म्हणून तेरावा होतांच आपण तलाठ्याकडे धांवतों. देवाच्या बाबतींत मात्र सारेच स्वस्थ! मृत्यूचे दाखले, सभेची सूचना, ठराव, नव्या विश्वस्तांचीं संमतिपत्रें हें सर्व जमवून, विलंबमाफीच्या विनंतीसह बदल अर्ज आम्हीं लिहून दिला. मार्चअखेरचे हिशेब तपासून घेण्याचें कामहि तीन वर्षें तुंबलेलें निघालें.

चौकशीच्या तारखेस तो पांचवा, एकटा उरलेला विश्वस्त काठी टेकीत नगरास आला. जबानीच्या खालीं सही करतांना त्यांचा हात कांपत होता. पण अक्षर वाचतां येत होतें.